चाकावरचे बिऱ्हाड आणि एक कोरी ओळ

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामे घेऊन येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर शुद्ध करून देणे, आणि कुठला तरी छापील अर्ज भरून देणे. पहिल्या कामात मी आजवर फारसा चुकलो नाही. दुसऱ्या कामात एकदा चुकलो, आणि ती चूक माझ्या सख्ख्या बहिणीला दोन लाख तीस हजार रुपयांना पडली. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीहून अकोल्यापर्यंत जो प्रवास केला, तो या चुकीच्या प्रायश्चित्ताचा प्रवास होता. दिवाळी अंकात प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांना काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी हवे असते. माझ्या प्रवासात काळी माती, पऱ्हाटी, खारे पाणी आणि विम्याचे कागद एवढेच आहे. तरी पण ज्यांच्या दारात चार चाके आहेत, किंवा पुढेमागे होण्याचा संभव आहे, त्यांनी ते ऐकून ठेवावे.

आमचे भाऊजी एस. टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षे होते. जन्मभर दुसऱ्यांना प्रवासाला पाठवले, स्वतः कुठे गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर फंडाचा पैसा हातात आला तेव्हा लोकांनी त्यांना प्लॉट घ्यायला सांगितले. भाऊजींनी सहा वर्षे वापरलेली एक छोटी बस चार लाखांना विकत घेतली. आतली आसने काढली, आणि अकोल्याच्या एका सुताराकडून आणि एका वायरमनकडून साडेतीन लाख खर्चून आत संसार मांडला. दोन माणसांची घडीची खाट, उघडमीट होणारे टेबल, दोन शेगड्यांचा गॅस, एक लहान फ्रीज, शंभर लिटरची पाण्याची टाकी, टपावर सूर्याची पाटी आणि खाली तिची वेगळी बॅटरी. इंग्रजीत याला कॅरव्हान म्हणतात. ताई त्याला बिऱ्हाड म्हणते. भाऊजींनी दाराशी पांढऱ्या रंगाने नाव घातले आहे, ‘शकुंतला’. हे नाव कालिदासाचे नव्हे. ते मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेचे आहे; तिचा उल्लेख पुढे येईलच.

कायद्याच्या बाजूने भाऊजी पक्के. गाडीचे रूप बदलायचे तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, हे त्यांना पाठ होते. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय, या चार गोष्टी असल्या म्हणजे सरकारदरबारी त्या गाडीला ‘मोटार कॅरव्हान’ म्हणता येते. त्यांनी रीतसर तपासणी करून घेतली, गाडी खासगी नोंदीत घेतली आणि नोंदणीपुस्तकात नवे रूप चढवून आणले. राहिला विम्याचा अर्ज. तो इंग्रजीत होता. भाऊजी म्हणाले, “मास्तर, हे कागदाचं काम तुमचं. आमी पान्हे चालवनारे मानसं.”

मी चष्मा लावून बसलो. नाव, पत्ता, इंजिनाचा क्रमांक, चॅसीचा क्रमांक, सगळे वळणदार अक्षरात भरले. मग एक ओळ आली. गाडीबरोबर कारखान्याने न दिलेल्या, मागाहून बसवलेल्या ‘अ‍ॅक्सेसरीज’ची किंमत लिहा. वाचकहो, मी वीस वर्षे काव्यशास्त्र शिकवतो आहे. अलंकार म्हणजे शोभेसाठी बाहेरून आलेला, मूळ शरीराहून निराळा धर्म, हे मी दरवर्षी जून महिन्यात फळ्यावर लिहितो. माझ्या डोक्याने त्या शब्दाचे भाषांतर ‘दागदागिने’ असे केले. चकचकीत चाकझाकण्या, गाणी लावायचा डबा, पुढच्या काचेवरचे लिंबू-मिरचीचे तोरण, असले काहीतरी. खाट आणि शेगडी हे दागिने कसे होतील? तो तर संसार! मी ती ओळ कोरी सोडली आणि खाली भाऊजींना सही करायला सांगितले. त्यांनी न वाचता सही केली. मास्तरांनी भरलेला कागद आमच्या घरात कोणी वाचत नाही.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टात ताई आणि भाऊजी दर्यापूरकडे गेले होते. तिथे नदी आहे ती चंद्रभागा. पंढरपूरची नव्हे, आमची वऱ्हाडातली, पुढे पूर्णेला मिळणारी. ताई वारकरी बापाची लेक; नदीचे नाव ऐकूनच तिने काठाजवळ मुक्काम करायचा हट्ट धरला. रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला. पहाटे भाऊजींना जाग आली ती पाय ओले लागले म्हणून. दोघे तुळशीची कुंडी आणि एक पिशवी घेऊन गुडघाभर पाण्यातून वर आली. जिवावरचे गाडीवर निभावले. सकाळी पाणी ओसरले तेव्हा बिऱ्हाडात खिडकीच्या काठापर्यंत गाळाची रेघ होती.

भाऊजींनी एक शहाणपण केले, ते सांगितलेच पाहिजे. त्यांनी इंजिन चालू करून पाहिले नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवली म्हणजे पाणी सिलिंडरात ओढले जाते, आणि पाणी काही हवेसारखे दबत नाही. दट्ट्याचा दांडा वाकतो. असे मोडलेले इंजिन कंपनी पुराच्या नुकसानीत धरत नाही. ते तुम्ही स्वतः ओढवून घेतले असे म्हणते. इंजिनासाठी वेगळे जादा कलम घेतलेले असेल तरच त्याचा पैसा मिळतो. गाडी दोरीने ओढून वर काढली आणि कंपनीला कळवले.

सर्वेक्षक आला. माणूस सभ्य होता. त्याने गाडीची वायरिंग, स्टार्टर, दिवे, ब्रेकचे भाग असे चौऱ्याऐंशी हजारांचे बिल मान्य केले आणि त्यापोटी अठ्ठेचाळीस हजार मिळाले. गाडी पाच वर्षांहून जुनी, म्हणून नव्या भागांच्या किमतीतून शेकडा चाळीस घसारा कापला. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर शेकडा पन्नास. मग तो आत शिरला. फुगलेली खाट पाहिली, बंद पडलेला फ्रीज पाहिला, पाण्याने मेलेली दुसरी बॅटरी पाहिली, आणि अर्जाची प्रत काढून बोट ठेवले. ती ओळ कोरी होती. आतल्या दोन लाख तीस हजारांच्या नुकसानीपोटी एक पैसा मिळाला नाही. त्या कंपनीला मी पुष्कळ दिवस शिव्या दिल्या. पुढे रात्री झोप येईना तेव्हा कळले की, जी वस्तू आहे असे आपण सांगितलेच नाही, तिचा हप्ता कोणी घेतला नाही, आणि हप्ता घेतला नाही तिची भरपाई कोणी देत नाही. यात त्यांचे चुकले ते फार थोडे. माझे चुकले ते जास्त.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. त्यामुळेच तर राहवेना.

भाऊजींनी दोन महिने खपून स्वतःच्या हाताने जमेल तेवढे दुरुस्त केले. उरलेल्यासाठी ताईने बांगड्या मोडल्या. नवी पॉलिसी काढायची वेळ आली तेव्हा सामानाची तपशीलवार बिले हवी होती, आणि ती अकोल्याच्या सुताराकडे आणि वायरमनकडे अडकलेली. मी म्हणालो, मी येतो. वसुबारसेच्या दोन दिवस आधी आम्ही तिघे निघालो.

अमरावतीहून अकोला सरळ रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पण ताईला पुन्हा त्या चंद्रभागेवरून जायचे होते. “जिथं बुडालो तिथंच एकदा पाय लावू,” ती म्हणाली. म्हणून अंबादेवीला नारळ फोडून, टाकी काठोकाठ भरून आम्ही वलगावचा रस्ता धरला. टाकी भरून घेण्याचे कारण बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना मैलोगणती जो सपाट पट्टा पसरला आहे त्याला आम्ही खारपाणपट्टा म्हणतो. वर काळी कसदार माती, कापूस-हरभऱ्याला सोन्यासारखी. आणि खाली विहिरीला लागते ते मचूळ, खारट पाणी. तहानलेल्याने विहीर पाहून हरखू नये अशी ही भूमी.

गाडगेनगरात समाधीपाशी क्षणभर थांबलो. गाडगेबाबांना आम्ही वऱ्हाडी लोक आपल्या घरचा म्हातारा समजतो. अंजनगावजवळच्या शेंडगावचा जन्म, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलेले बालपण, आणि मग जन्मभर वाट. धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी; स्वतःला घर नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, वाटेवरच त्यांनी देह ठेवला. त्या पुलावरून जाताना भाऊजींनी गाडी हळू केली आणि टोपी काढली. मला मनात आले, चाकावर बिऱ्हाड करणारा आमच्या भागातला खरा मोठा माणूस हाच. त्यांच्याजवळ एक गाडगे, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या. कोणताही सर्वेक्षक आला असता तरी त्याला लिहायला काही सापडले नसते.

त्याही आधी, आठशे वर्षांपूर्वी, येथून जवळच्या रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभू होते, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरांनी आपल्या अनुयायांना अटनाचा नियम घालून दिला. एका जागी राहू नये, आपले म्हणावे असे घर करू नये. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे, आणि आम्ही मास्तर लोक या भटक्यांचे ग्रंथ पक्क्या इमारतीत बसून शिकवतो. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा भाऊजी म्हणाले, “मास्तर, त्यायच्याजवळ फ्रीज होता काय? फ्रीज आला का इमा आला.” एवढ्या थोडक्यात अर्थशास्त्राचा पाठ मी दुसरीकडे ऐकला नाही.

दर्यापूरजवळ चंद्रभागा अगदी गरीब दिसत होती. पात्रात गुडघाभरही पाणी नव्हते. दोन म्हशी बसल्या होत्या. ताईने पाण्यात हात बुडवला, कपाळाला लावला, आणि परत येऊन चहा टाकला. नव्या खाटेच्या फळ्यांना अजून वॉर्निशचा वास होता. दुपारी लासूरचे आनंदेश्वराचे देऊळ पाहिले. काळ्या दगडाचे, हेमाडपंती घडणीचे, कोरीव खांबांचे देऊळ. गर्दी नाही, दुकाने नाहीत. आम्ही देवळाच्या सावलीत पिठले-भाकरी खाल्ली. असल्या जेवणासाठीच माणसे चाकावर घर बांधत असावीत.

मुक्कामाला मूर्तिजापूर. तिथल्या स्टेशनावर भाऊजींना त्यांची शकुंतला दाखवायची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कंपनीने कापसासाठी घातलेली ही अरुंद रुळांची गाडी. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. भाऊजी लहानपणी तिच्या मागे पळत जाऊन चढत. आता कित्येक वर्षे ती बंद आहे. रुळांत गवत उभे आहे. भाऊजी बराच वेळ त्या रुळावर बसून होते.

रात्री दिव्याखाली मी माझ्याजवळचे टिपण काढले. मास्तरला चूक सुधारायची म्हणजे तो आधी इतिहास वाचतो. तांडा आणि विमा यांचे नाते मी समजत होतो त्याहून फार जुने निघाले. याज्ञवल्क्यस्मृतीत व्याजाचे नियम आहेत. तारण न देता कर्ज काढून घनदाट रानातून माल नेणाऱ्याने दरमहा शेकडा दहा व्याज द्यावे, समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा वीस. घरी बसणाऱ्याला एवढे व्याज नाही. हा फरक कशाचा? टीकाकार सांगतात, मुद्दलच बुडण्याच्या भयाचा. म्हणजे वाटेची जोखीम शेकड्यात मोजायला आपले लोक तेव्हाच शिकले होते. पुढे सावकारांनी जोखमी हुंडी काढली. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचा पैसा द्यायचा. वाटेत बुडाला तर सावकाराचा बुडाला. ‘विमा’ हा शब्दही फारशीतून आपल्याकडे आला तो कचेऱ्यांच्या आधी, पेढ्यांवर.

आणि आमच्या वऱ्हाडात खरे तांडे होते ते बंजाऱ्यांचे. शेकडो, कधी हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बायकापोरांसह ते चालत. लढाईच्या काळात दोन्ही बाजूंचे सैन्य त्यांना हात लावीत नसे, कारण उद्याची भाकरी त्यांच्याच गोणीत असे. हाच त्यांचा विमा. त्याचा हप्ता विश्वासाचा होता. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार पाहता पाहता मोडला. त्या मोडण्याची भरपाई देणारे कलम कोणत्याही हुंडीत नव्हते. तांडे जागच्या जागी बसले, त्यांची गावे झाली. अजूनही त्या वस्त्यांना तांडाच म्हणतात. त्याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

ताई ऐकता ऐकता पेंगली होती. डोळे न उघडता म्हणाली, “सगळं समजलं. आता उद्या बिलं घ्याची विसरू नको.”

दुसऱ्या दिवशी अकोला. मोर्णेच्या काठचा असदगड आणि राजराजेश्वराचे देऊळ यांचे दर्शन झाले, पण खरे तीर्थ सुताराचे दुकान होते. त्याने वहीतून एकेक वस्तू काढून बिल लिहून दिले, आधीच्याही आणि नव्याही, वायरमननेही दिले. मग भाऊजींच्या ओळखीचे एक निवृत्त विमा अधिकारी होते त्यांच्याकडे गेलो. गृहस्थ सत्तरीचे, बोलणे मोजके. त्यांनी चहा सांगितला आणि दोन तास शिकवणी घेतली. माझ्या वर्गात कोणी इतके लक्ष दिलेले मी पाहिलेले नाही. त्यांनी सांगितले त्याचा सारांश देतो.

पहिला विमा तिऱ्हाइताचा. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, हातपाय मोडला, मालाची नासाडी झाली, तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा; त्यावाचून गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पुष्कळ लोक स्वस्त पडतो म्हणून एवढाच काढतात आणि आपला विमा आहे अशा समजुतीत राहतात. त्यात आपल्या स्वतःच्या गाडीला दिडकीही मिळत नाही. बिऱ्हाड असलेल्या गाडीने हा एकटा विमा कधी काढू नये.

दुसरा सर्वंकष विमा. त्यात आग, चोरी, पूर, वीज, अपघात, दंगा यांनी आपल्या गाडीचे झालेले नुकसानही येते. इथे सगळा खेळ गाडीच्या घोषित किमतीचा. कारखान्याच्या विक्री-किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती ठरते; वर्षभराच्या आत शेकडा पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, असे करत पाचव्या वर्षी पन्नासपर्यंत. पाच वर्षांनंतर मात्र कोष्टक संपते आणि ती किंमत मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. “इथंच लोक मार खातात,” ते म्हणाले. हप्ता कमी यावा म्हणून किंमत कमी लावून घेतात. गाडी चोरीला गेली किंवा पुरती जळाली तर त्या किमतीपलीकडे काही मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या शेकडा पंचाहत्तरपुढे गेला, तर गाडी संपली असे धरून तेवढ्यावर हिशेब मिटवतात. तेव्हा जुनी गाडी असेल तर मूल्यमापकाचा दाखला घ्यावा आणि खरी किंमत लावावी. जास्त लावण्यातही अर्थ नाही. हप्ता जास्त जातो.

तिसरी ती माझी कोरी ओळ. गाडीच्या किमतीत कारखान्याने दिलेल्या गाडीचीच किंमत असते. मागून बसवलेले लाकूडकाम, फ्रीज, सूर्याची पाटी, जादा बॅटरी, गॅसची जोडणी, एकेक वस्तू किंमत लावून वेगळी लिहायची, त्याचा वेगळा हप्ता भरायचा, आणि ती यादी पॉलिसीला जोडलेली आहे हे डोळ्यांनी पाहायचे. ती बसवलेली आहे याचे फोटो जवळ ठेवायचे. कपडे, भांडी, पांघरुणे ही तर गाडीत धरतच नाहीत. त्यांच्यासाठी वैयक्तिक सामानाचे जादा कलम असेल तर विचारावे, आणि त्याची मर्यादा किती तेही विचारावे.

मी विचारले, “घसारा न कापणारी पॉलिसी असते म्हणे?” ते हसले. “असते. पण बहुधा नव्या गाड्यांना. तुमची गाडी आमच्यासारखी, निवृत्त.” इंजिनाचे कलम मात्र जुन्या गाडीला मिळाले तर नदीकाठी राहणाऱ्याने घ्यावेच. चालवणाऱ्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आधीचा कुठे नसेल तर तोही सक्तीचाच. हक्क न मागितल्याची सूट पहिल्या वर्षानंतर शेकडा वीस, वाढत वाढत पन्नासपर्यंत मिळते. ती माणसाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी घेतली म्हणून जुन्या मालकाची सूट आपल्याला येत नाही, आणि एकदा हक्क मागितला की आपलीही पुन्हा शून्यापासून.

शेवटी त्यांनी भाऊजींकडे पाहून विचारले, “कोणाला भाड्यानं देता काय?” भाऊजी गडबडले. शेजारच्या एकाने शेगावच्या दर्शनाला गाडी मागितली होती, दिवसाचे चार हजार देतो म्हणाला होता. म्हाताऱ्याने बोट हलवले. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने दिली आणि वाटेत काही झाले, तर कंपनी हक्क नाकारू शकते. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, सगळेच नाकारू नये, काही अंश द्यावा, असा निवाडा दिला; पण त्यासाठी त्या मालकाला दिल्लीपर्यंत जावे लागले. भाड्याचा धंदा करायचाच तर व्यावसायिक नोंद करावी, तसा विमा काढावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले आहे, ते त्यासाठीच. “चार हजारांसाठी आठ लाख पणाला लावू नका.” भाऊजींनी मान हलवली. त्या शेजाऱ्याला त्यांनी होकार देऊन ठेवला होता, हे मला नंतर कळले.

उठताना मी माझ्या कोऱ्या ओळीची गोष्ट सांगितली. वाटले होते ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, छत्तीस वर्षं मी हे अर्ज पाहिले. खोटं लिहिलेले थोडे. न वाचता सही केलेले फार.”

वेळ होता म्हणून पश्चिमेला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरच्या बाळापूरला गेलो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात तिथला किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आरंभलेला, आणि १७५७ साली अचलपूरच्या नबाबाने पुरा केलेला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह करून घेणारा हा सेनापती. ज्याच्या डेऱ्याभोवती हजारो माणसांचे चालते गाव असे, तो १६६७ साली घरापासून दूर, बुऱ्हाणपुरात वारला. छत्रीच्या दगडी खांबांतून संध्याकाळचे ऊन आत आले होते. दोन पोरे तिथे अभ्यास करीत बसली होती. ताई पायरीवर बसून म्हणाली, “एवढा मोठा राजा, आन् राह्यलं काय? बसाले सावली.” मी काही बोललो नाही. सावली राहिली हेही काही कमी नाही.

परत येताना महामार्गाने आलो. लोणी ते माना हा याच रस्त्याचा तुकडा. जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत करून त्याचा जागतिक विक्रम झाला. शकुंतला त्यावरून ताशी पन्नासने निघाली होती. मागून येणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवून पुढे जाई. भाऊजी म्हणत, “जा बाप्पा जा. आमाले घरी जाची घाई नाही, आमी घरातच हावो.”

नवा अर्ज मी धनत्रयोदशीला भरला. या वेळी तिघे मिळून बसलो. ताई सांगत होती, भाऊजी बिल दाखवीत होते, मी लिहीत होतो. खाट, टेबल, शेगडी, फ्रीज, टाकी, पाटी, बॅटरी, गॅसची जोडणी. एकूण तीन लाख अठ्ठावीस हजार. तुळशीची कुंडी आणि ताईची अभंगांची वही यांची किंमत काय लावायची असे मी विचारले. ताई म्हणाली, “ते मी पुरात हातात घेऊन निघते. त्याचा इमा नाही लागत.”

हप्त्याचे पैसे मी भरले. ताईला तसे सांगितले असते तर तिने घेतले नसते, म्हणून सांगितले नाही. भाऊबीजेच्या दिवशी पाटावर बसलो, ताईने तबक आणले, तेव्हा साडीच्या जागी मी पॉलिसीचा लिफाफा ठेवला. निरांजन तेवत होते. मी डोके पुढे केले, आणि वाट पाहत राहिलो.

ओवाळणे होईना. वर पाहिले तर ताईने तबक बाजूच्या स्टुलावर ठेवले होते, भाऊजींचा चष्मा नाकावर चढवला होता आणि लिफाफा फोडून ती पहिल्या पानापासून वाचत होती. तिला इंग्रजी अक्षरे येतात, अर्थ सगळा लागत नाही. तरी ती बोट ठेवून, ओठ हलवत, ओळीमागून ओळ वाचत गेली. यादीच्या पानावर आली तेव्हा एकेक वस्तू बोटाने मोजली. आठ भरल्या.

“अगं ताई, वात मोठी होऊन राह्यली,” भाऊजी म्हणाले.

“होऊ द्या,” ती म्हणाली, “वाचल्याबगर मी आता कोनाच्याच कागदाले हात नाही लावत. मास्तरचा असला तरी.” मग तिने चष्मा काढला, वात सारखी केली, आणि मला ओवाळले.